नळी बदलणारी रायफल घेताना आधी काय बघावं

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी मचाणावर चढले, अंगावर घोंगडी घेतली, मॅगझिन भरलं आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, पुढे ढकलला. तो अर्ध्यात अडकला. मागे घेतला, पुन्हा ढकलला, पुन्हा अडकला. मग टॉर्चच्या लाल उजेडात बघितलं तर बोल्टवर .२२३ चं डोकं आणि रायफलीला नळी .३०८ ची (हे काडतुसांचे, म्हणजे कॅलिबरचे आकडे; .३०८ मोठं). .३०८ च्या काडतुसाचं बूड त्या छोट्या डोक्यात मावणारच नाही. बरोबर डोकं घरी, तिजोरीत. पाऊण तासाने सहा रानडुकरं मक्याच्या कापलेल्या शेतात उतरली आणि मी दोन तास दुर्बिणीतून त्यांचं जेवण बघत बसले.

मी मूळची कुडाळची, गेली चौदा वर्षं जर्मनीत उल्मला असते. नोकरी मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. इथे शिकारीचा परवाना, याग्डशाइन, मिळवायला लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी अशा परीक्षा द्याव्या लागतात. मी तो २०१७ मध्ये काढला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शौकाची शिकार बंद आहे, आणि पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा हे लिखाण माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या, परवानाधारक मराठी मंडळींसाठी. दर दिवाळीच्या फोनवर कुणीतरी विचारतंच, "अगं, ती एका रायफलीत तीन रायफली असलेली घेऊ का?"

आधी शब्दांचा घोळ निस्तरते. 'टेकडाउन' म्हणजे रायफल खोलून दोन तुकड्यांत पेटीत बसते, एवढंच. 'स्विच-बॅरल' म्हणजे त्याच दस्त्यावर आणि त्याच चापावर वेगळ्या कॅलिबरची नळी चढते. जुन्या अमेरिकन लिव्हर रायफलींपैकी काही खोलता यायच्या, पण म्हणून त्यांना दुसरी नळी चढायची असं नाही. आजच्या युरोपियन रायफलींत बहुतेक वेळा दोन्ही गुण एकत्र मिळतात. तुम्हाला त्यातला नक्की कुठला हवाय हे दुकानात जाण्याआधी ठरवा. फक्त गाडीत मावायला हवी असेल तर जादा नळीचे पैसे वाचतात.

दुकानदार पहिल्यांदा लाकडाची रेषा दाखवेल, मग बोल्ट किती झरकन चालतो ते. तुम्ही सरळ विचारा: दुर्बीण कशावर बसते, नळीवर की रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या सांगाड्यावर? माझ्या मते निम्मी निवड या एका प्रश्नात होते.

ब्लेझर आर८ मध्ये (२००८ पासून बाजारात, कारखाना आमच्यापासून तास-सव्वा तासावर इस्नीला) दुर्बिणीची बैठक थेट नळीवर बसते. बोल्टची पकडही नळीच्याच मागच्या तोंडात बसते. म्हणजे गोळी सुटताना ज्या दोन गोष्टींचं नातं महत्त्वाचं, ती नळी आणि दुर्बीण, एकमेकींना घट्ट धरून असतात. दस्त्यावरून नळी काढली, उद्या परत लावली, तरी त्यांचं आपसातलं काही हललेलं नसतं. नळी खालून दोन स्क्रूंनी धरलेली, सोबतच्या चावीने सुटते.

झाउअर ४०४ मध्येही बोल्ट नळीतच अडकतो, पण दुर्बीण रिसीव्हरवर बसते. एकच नळी वापरणाऱ्याला याचा काही त्रास नाही, उलट बैठक भक्कम वाटते. पण नळी बदलली की दुर्बीण जुन्या नळीचा नेम लक्षात ठेवून बसलेली असते. नव्या नळीसाठी नेम पुन्हा लावा, नाहीतर त्या नळीसाठी वेगळी दुर्बीण आणि काढता-घालता येणारी बैठक ठेवा. दोन्ही पद्धती चालतात. पण नळी रिसीव्हरवर परत तंतोतंत त्याच जागी बसते की नाही, यावर झाउअरसारख्या पद्धतीत सगळी भिस्त राहते.

सुलची मर्केल हेलिक्स हत्याराशिवाय खुलते, हे तिचं मोठं आकर्षण. आरडब्ल्यूएस-बिरडब्ल्यूएस काडतुसांच्या गप्पा मारणारे आमच्या गटातले दोन आजोबा तिच्यावर जीव टाकतात. थंडीत चावी शोधायला नको, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो, पण तेवढ्यासाठी रायफल निवडणार नाही. अंधारात, शिकारीच्या जागी नळी बदलायची वेळ मला आजवर आलेली नाही. बदल घरी टेबलावर, दिव्याखाली होतो आणि तिथेच झाला पाहिजे.

एकनळी, मधून मोडणाऱ्या रायफलीही आहेत, ब्लेझर के९५ किंवा मर्केल के३ सारख्या. वजनाला अगदी हलक्या, खोलायला सर्वांत सोप्या. आल्प्समध्ये तीन तास चढून एकच गोळी झाडायची असेल तर याहून चांगलं काही नाही. रानडुकरांच्या हाक्याला मात्र दुसरी गोळी पटकन लागते, तिथे ही नको.

आता नळ्या कुठल्या घ्यायच्या. इथे कायदा अर्धं काम करून ठेवतो. रो हरणासाठी, म्हणजे आपल्या भेकराहून थोडंसं मोठं असतं त्यासाठी, १०० मीटरवर किमान १००० जूल ऊर्जा लागते. रानडुक्कर, लाल हरीण वगैरे मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० जूल. म्हणजे .२२३ ने तुम्ही कोल्हा आणि रो मारू शकता, डुक्कर नाही. एका संध्याकाळी त्याच शेतात दोन्ही येतात, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, मचाणावर बसणाऱ्याला ठाऊक असतं.

म्हणून पहिली नळी अशी घ्या जी एकटीने सगळं निभावेल. माझी .३०८ विंचेस्टर, ५२ सेंटिमीटरची. लोक ५८ ची घ्या म्हणतात. पण आता इथे शिकाऱ्यांना सायलेन्सर वापरता येतो, आणि ५८ वर तो चढवला की मचाणाच्या खिडकीत रायफल फिरवताना दोन्ही बाजूंना ठोकते. ५२ वर सायलेन्सर धरून ती जुन्या रायफलीच्या लांबीत बसते. वेग थोडा कमी होतो. दीडशे मीटरच्या पलीकडे मी गोळी झाडत नाही, मला फरक पडत नाही.

दुसरी नळी घेताना हा प्रश्न मनात ठेवा: बोल्टचं डोकं एकच चालेल का? .३०८, .३०-०६, ८×५७ आयएस, ९.३×६२ या सगळ्यांचं बूड जवळपास सारख्या व्यासाचं, आर८ मध्ये ती एकाच 'स्टँडर्ड' डोक्यावर चालतात. मॅगझिनमधला भाग काडतुसाच्या लांबीनुसार बदलावा लागू शकतो, पण तो स्वस्त आणि चटकन दिसणारा. .२२३ ला मात्र छोटं डोकं लागतं, .३०० विंचेस्टर मॅग्नमला मोठं. डोकं बदलणं म्हणजे एक जादा वस्तू, एक जादा खर्च, आणि माझ्यासारखी एक जादा चूक. माझी दुसरी नळी आज ९.३×६२ आहे. ओटो बॉक नावाच्या बर्लिनच्या बंदूककाराने १९०५ च्या सुमारास हे काडतूस बनवलं. डिसेंबरच्या हाक्याला, पन्नास मीटरवरून धावणाऱ्या डुकरासाठी ते इथल्या जंगलात शंभर वर्षांहून जास्त काळ टिकलंय. धक्का जोरदार, पण चाबकासारखा नाही, ढकलल्यासारखा.

हाका म्हटलं की मला गाव आठवतं. बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भाताच्या मळ्यात रात्री राखणीला ती नेत आणि बहुतेक वेळा हवेत बार काढून परत येत. मी पहिल्यांदा आर८ चा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी झूम करकरून बघितला आणि फोनवर म्हणाले, "बंदूक बदलून नेम लागणा नाय गे चेडवा." मी त्यांना नळीवरच्या बैठकीचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मगे बरा आसा," आणि पावसाची चौकशी केली.

आता दुकानातली परीक्षा. इथे घाई करू नका, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

सर्वांत आधी रायफल रिकामी आहे ते स्वतः बघा, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. मग नळी तुमच्या हाताने काढायला मागा. बैठकीच्या धातूच्या पृष्ठांवर बोट फिरवा. नव्या रायफलीत रंग सगळीकडे सारखा असेल. वापरलेल्या रायफलीत जिथे धातू धातूला टेकतो तिथे चकाकी दिसते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. एकाच कोपऱ्यात चकचकीत ठिपका असेल तर नळी तिरकी बसतेय, किंवा आधीच्या मालकाने कचऱ्यासकट आवळलीय. स्क्रूची खाच गोलसर झाली असेल तर कुणीतरी चुकीच्या चावीने झटापट केलीय. नळीच्या मागच्या तोंडात, जिथे बोल्टची पकड बसते, तिथे टॉर्च मारून कडा बघा.

प्रत्येक नळीवर शासकीय चाचणीचा शिक्का शोधा: गरुडाचं चिन्ह आणि त्याखाली एन हे अक्षर. प्रत्येक नळी आपल्या चेंबरसह, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीसह, स्वतंत्र तपासलेली असते. नळीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडा. नळी कायद्याने स्वतंत्र महत्त्वाचा भाग आहे. ती दोन आठवड्यांत तुमच्या शस्त्रकार्डावर चढवावी लागते आणि रायफलीसारखीच तिजोरीत ठेवावी लागते. २०२० च्या बदलांनंतर बोल्टचं डोकंही त्याच यादीत आलं. युरोपात दुसऱ्या देशात शिकारीला जाणार असाल तर युरोपियन शस्त्र-पासावरही सगळं चढवून घ्या. स्वीडनला निघायच्या आदल्या आठवड्यात जादा नळीची आठवण झालेले लोक मी पाहिलेत.

मग आर८ सारख्या रायफलीत अंगठ्याने पुढे ढकलायचा घोडा असतो, तो चढवून बघा. रिकाम्या रायफलीत, अर्थातच. काडतूस चेंबरात असलं तरी स्प्रिंग ताणलेली नसते, गोळी झाडायच्या क्षणीच ती ताणायची. मचाणाच्या शिडीवर ही फार मोठी सोय. पण तो घोडा घट्ट असतो आणि माझे हात लहान. दुकानात उबेत तो सहज गेला. जानेवारीत उणे सहा अंशांत, जाड हातमोज्यात, अंगठा दोनदा घसरला. तेव्हा हिवाळ्यातले हातमोजे खिशात घेऊन दुकानात जा. वेड्यात काढतील, काढू देत.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर शूटिंग रेंजवर अर्धा दिवस मागून घ्या. पद्धत अशी. १०० मीटरवर, आधारावरून तीन गोळ्या, नळी न हलवता. नळी थंड होऊ द्या, हात लावून बघा. मग रायफल रिकामी करून नळी काढा, पुन्हा लावा, एक गोळी. पुन्हा काढा, लावा, एक गोळी. असं पाच वेळा, आणि ही पाच भोकं वेगळ्या कागदावर. पहिल्या कागदावरचा घोळका आणि दुसऱ्यावरचा घोळका शेजारी ठेवून बघा. दुसरा थोडा मोठा असणारच. पण तो पहिल्याच्या जागेभोवती असेल आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर मी घेईन. दुसरा घोळका लहान पण सात सेंटिमीटर डावीकडे सरकलेला असेल तर सोडून द्या. कारखान्यात आम्ही याला पुनरावृत्ती म्हणतो, आणि माझा पगार त्याच्याच मोजणीवर चालतो, म्हणून कदाचित मी जास्त चिकित्सा करत असेन.

माझ्याच रायफलीने मला एकदा चकवलं. एका शनिवारी नेम तपासला तर गोळ्या अकरा सेंटिमीटर खाली. दुर्बिणीला शिव्या दिल्या, काडतुसाला दिल्या. शेवटी नळी काढली तर बैठकीत पाइनची एक सुई, अर्धी चिरडलेली. पुसली, लावली, गोळ्या जागेवर. तेव्हापासून पेटीत एक जुना सुती रुमाल असतो आणि नळी लावण्याआधी दोन्ही पृष्ठं पुसल्याशिवाय चावी हातात घेत नाही. स्क्रू थांबेपर्यंत आवळायचे, त्यापुढे जोर नाही.

एकच दुर्बीण दोन नळ्यांवर चालवायचा मोह होईल, कारण चांगली दुर्बीण बैठकीसकट अडीच हजार युरोंच्या घरात जाते. मीही पहिलं वर्ष तसंच काढलं. माझ्या दुर्बिणीची एक टिकटिक (नेम सरकवायच्या चकतीचा एक टप्पा) १०० मीटरवर एक सेंटिमीटर; कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं: ".३०८ वरून ९.३ वर: 9 वर, 2 उजवीकडे." काम झालं. पण प्रत्येक बदलानंतर एक तपासणीची गोळी झाडावी लागायची, आणि नऊ की सहा हे चिठ्ठी उलटी धरली की कळेना. शेवटी हाक्याच्या नळीवर एक साधी, कमी वाढवणारी दुर्बीण बसवून टाकली. खर्चाचा अंदाज बांधताना 'दुसरी नळी' म्हणजे नळी, बैठक आणि दुर्बीण असा धरा, नुसती नळी नाही.

खर्चाचं सरळच सांगते. नवी आर८ चार हजार युरोंच्या पुढे, जादा नळी दीड-दोन हजार. एवढ्यात साध्या बोल्टच्या दोन चांगल्या फिनलंडच्या रायफली दुर्बिणीसकट येतात. म्हणून "पैसे वाचतात" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. मला हवा होता तो एकच चाप, एकच दस्ता, गालाला तोच स्पर्श. दोन वेगळ्या रायफलींत अंगठा घोडा शोधत राहतो. इथे शोधावा लागत नाही. आणि पाऊण मीटरची कुलूपबंद पेटी गाडीच्या मागच्या सीटखाली जाते, शेजाऱ्यांना गिटारही वाटत नाही.

जे विसरलं तर बोटं जातात ते आता. दोन नळ्या म्हणजे घरात दोन प्रकारची काडतुसं. .३०८ चं आवरण ५१ मिलिमीटरचं, .३०-०६ चं ६३. गोळीची जाडी तीच. .३०-०६ च्या चेंबरात .३०८ आत जाऊ शकतं, तिथे ते नीट बसत नाही, आणि झाडलं तर आवरण फाटून गॅस मागे येऊ शकतो. म्हणून या दोघांची जोडी मी कुणालाच सुचवत नाही. तसंच .३०८ चा सायलेन्सर ९.३ च्या नळीवर. आतली वाट गोळीपेक्षा अरुंद. दोन्ही नळ्यांचं तोंड एम१५ आट्याचं असेल तर तो आनंदाने चढेल. माझ्याकडे .३०८ चं सगळं, म्हणजे नळीची पिशवी, काडतुसाचा डबा, सायलेन्सर, यावर हिरवी चिकटपट्टी आहे आणि ९.३ च्या सगळ्यावर लाल. लाल-हिरवं एका पेटीत दिसलं की पेटी बंद होत नाही, हा नियम.

काडतुसांचं आणखी एक. इथल्या बऱ्याच सरकारी जंगलांत शिशाविना गोळ्याच चालतात. तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला लांब असते, आणि प्रत्येक नळीला ती मानवतेच असं नाही, विशेषतः मंद पिळाच्या, म्हणजे गोळीला कमी फिरवणाऱ्या, जुन्या .२२३ ला. वापरलेली जादा नळी घेण्याआधी तुम्हाला जी गोळी वापरावी लागणार तीच त्यातून झाडून बघा. विकणाऱ्याने दाखवलेला सुंदर कागद बहुधा शिशाच्या गोळीचा असतो.

मी तो धडा .२२३ च्या नळीवर शिकले. स्वस्तात मिळाली म्हणून वापरलेली घेतली होती, कोल्ह्यांसाठी. तीन वर्षांत अकरा गोळ्या, त्यातल्या आठ रेंजवर. गेल्या मार्चमध्ये विकली. घेणाऱ्याकडे आधीच छोटं डोकं होतं, त्यामुळे माझं डोकं राहून गेलं. ते अजून तिजोरीत एका चहाच्या डब्यात आहे, कार्डावर नोंदलेलं, आणि .३०८ चं डोकं बोल्टवर आहे ना हे बघायला मी तो डबा दर वेळी उघडते.